पडद्याच्या मागच्या बाजूने

आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. खुर्चीला रुपया, पुढं जमिनीवर बसलं तर आठ आणे आणि पडद्याच्या मागं बसलं तर चार आणे. हा तिसरा दर सांगितला की शहरातला माणूस हसतो. पण पडदा म्हणजे पट्ट्या जोडून शिवलेलं पांढरं मांजरपाट. उजेड त्यातून आरपार यायचा आणि मागच्या अंगालाही चित्र ठळक दिसायचं. फक्त उलटं. नावं उलटी, पदर भलत्याच खांद्यावर आणि तलवार डाव्या हातात.

वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत माझ्या खिशात चार आण्यांच्या वर कधी काही नव्हतं. त्यामुळं माझ्या लेखी मराठ्यांच्या इतिहासातले यच्चयावत शूर लोक डावखुरे होते. लढाई लढाई खेळताना आम्ही जोंधळ्याचं ताट डाव्या हातातच धरायचो. उजव्या हातात धरणारा तो गनीम. पुढं कऱ्हाडला शिकायला गेलो तेव्हा त्यातलाच एक सिनेमा पक्क्या थेटरात लागला होता. सरदारानं उजव्या हातानं तलवार उपसली आणि मी शेजारच्या पोराला म्हणालो, "हे चुकलंय." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की पुढचे दोन तास मी तोंड उघडलं नाही.

गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. आमचा भाग आधी सातारा जिल्ह्यात होता, १९४९ साली दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. आज्जीच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'सातारा जिल्हा'च. सांगली म्हणजे तिच्या दृष्टीनं गणपतीचं देऊळ आणि हळदीचा बाजार, तिथं जिल्हा कसा असेल, असा तिचा सूर असायचा.

कोल्हापूर जवळ असल्यामुळं ऐतिहासिक सिनेमा आमच्याकडं घरचा. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तिथला. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला, ही गोष्ट आमच्याकडं सिनेमाच्या गोष्टीसारखीच सांगितली जायची. लढाईत गर्दी लागली की आसपासच्या तालमींतून पैलवान जायचे. आमच्या तालमीतले एक वस्ताद अशा एका लढाईत दोनदा मेले होते. सकाळी मोगल म्हणून, दुपारी फेटा बदलून मावळा म्हणून. सिनेमा गावात लागला की वस्ताद खुर्चीवर बसायचे आणि दोन्ही वेळा मेल्यावर सगळा तंबू टाळ्या वाजवायचा. दुसऱ्या वेळी जास्त.

गोष्टही ठरलेली. दगा, भर दरबारात अपमान, आईच्या पायावर हात ठेवून शपथ, शपथ घेताना वीज, मग रानात मुक्काम, चार सवंगडी, एक भुयार आणि शेवटी वाड्याच्या चौकात गाठ. मी याची टिंगल करत नाही. असा सिनेमा लागला तर आजही मी चॅनेल बदलत नाही. या सिनेमांच्या मागं कधीकाळी खरी जोखीमही होती. १९३० साली प्रभातनं शिवाजी महाराजांवर 'स्वराज्य तोरण' काढला, तर सेन्सॉरनं 'स्वराज्य' या शब्दालाच हरकत घेतली आणि तो 'उदयकाल' या नावानं दाखवावा लागला. महाराज चालले, घोडे चालले, तलवारी चालल्या. शब्द तेवढा चालला नाही.

तर तो रानातला मुक्काम. पडद्यावर रानातला मुक्काम म्हणजे शेकोटी आणि गाणं. शेकोटीवर कधी काही शिजत नसायचं. नायक सहा-सहा महिने रानात काढतो आणि बाहेर येतो तेव्हा गाल जसेच्या तसे भरलेले.

हे माझ्या आपणहून लक्षात आलेलं नाही. मामांनी दाखवून दिलं.

मामा म्हणजे आज्जीचा धाकटा भाऊ. वडील त्यांना मामा म्हणायचे म्हणून आम्हीही मामाच. आज्जी गावातल्या गावातच दिलेली, त्यामुळं तिचं माहेर दोन आळ्या सोडून. मामा रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर यायचे, जेवायचे आणि जाताना अर्धी भाकरी उपरण्याच्या टोकाला बांधून न्यायचे. घरी त्यांच्या भाकरीला काही कमी नव्हतं. ती सवय होती. ते सिनेमाला कधी येत नसत, पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडून सगळी गोष्ट ऐकून घेत. मी अंगणभर नाचून सांगायचो. शपथ, वीज, भुयार, सगळं. मामा शांतपणे ऐकायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "आन त्याला भाकरी कोन आनून देत हुतं रं?"

मला वाटायचं म्हातारा थट्टा करतोय.

१९५३च्या उन्हाळ्यात मामांनी एका माणसाला मारलं होतं. भाऊबंदकीतलाच माणूस. विहीर सामाईक, मोटेच्या पाळीवरून आठ दिवस कुरबूर चाललेली. एके दिवशी चावडीपुढं, भरल्या माणसांत, तो मामांच्या आईचं नाव घेऊन काहीतरी बोलला. काय बोलला ते घरात कधी कुणी उच्चारलं नाही. मामा त्या रात्री जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी दिस उगवायच्या आत विहिरीवर कुऱ्हाड चालली. वीज वगैरे काही चमकली नाही. बैल जुंपलेले होते, ते बिथरले आणि मोटेसकट धावेवर उलटे फिरले, एवढं आज्जी सांगायची.

मामा अकरा महिने फरारी होते. आमच्याकडं शब्द हाच, फरारी. दरोडेखोर वेगळा, बंडवाला वेगळा, भूमिगत वेगळा. पोलिसांच्या कागदावर या सगळ्यांना एकाच ओळीत बसवता येतं, गाव मात्र शब्द मोजून वापरतं. पावसाळ्यात जोंधळा माणूसभर वाढला तेव्हा ते जोंधळ्यात होते, मग शाळवात. सुगी झाली, रान उघडं पडलं, तेव्हा नदी ओलांडून सागरेश्वराच्या डोंगराकडं. आणि या सगळ्या काळात त्यांना भाकरी देत होती आज्जी.

भाकरी देणं म्हणजे काय असतं ते नीट सांगायला हवं, कारण पडद्यावर ते कधी येत नाही. भाकरी थापल्याचा आवाज होतो. परातीत पीठ थापताना हाताचा जो आवाज येतो तो शेजारणीला भिंतीपलीकडून मोजता येतो, आणि शेजारीण मोजतेच. मुद्दाम नाही, कानाला सवय असते म्हणून. घरात सहा खाणारी माणसं आणि थापल्या सोळा, तर दुपारपर्यंत ते पाणवठ्यावर पोचतं आणि तिन्हीसांजेला चावडीवर. म्हणून आज्जी भाकरी वाढवायची नाही, जाड करायची. दोन भाकरींच्या पिठाची एक. ती आतून कच्ची राहू नये म्हणून विस्तवाच्या तोंडाशी उभी करून बराच वेळ शेकायची. फौजदार दोनदा घरी आला आणि दोन्ही वेळा त्यानं आधी भाकरीची दुरडी उघडून बघितली. त्यालाही कळत होतं. मोजून तितक्याच भाकऱ्या होत्या.

मग ती भाकरी फडक्यात, फडकं शेणाच्या पाटीत तळाला, वर शेण. मळ्याच्या बांधावर एक जुनी बाभळ होती, तिच्या ढोलीत गाठोडं ठेवायचं आणि गोवऱ्या थापून घरी यायचं. दुसऱ्या दिवशी ढोलीत रिकामं फडकं असायचं. घडी घातलेलं असलं तर भाऊ बरा आहे. चुरगळून टाकलेलं असलं तर पळापळ झाली आहे, आज इकडं फिरकू नये. अकरा महिन्यांत आज्जीनं भावाचं तोंड एकदाही बघितलं नाही. फडकं बघितलं. शेवटी मामाच एक दिवस चालत कचेरीत जाऊन उभे राहिले. का, असं मी मोठेपणी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आक्काच्या हातावर फोड आलं हुतं." एवढंच. विस्तवाच्या तोंडाशी शेकण्याचे फोड. ते त्यांना कुणी सांगितलं, हे मी विचारायचं राहूनच गेलं.

बारा वर्षांची शिक्षा भोगून मामा परत आले. मी ऐकलं ते सगळं त्यानंतरचं.

मामांचा प्रश्न डोक्यात बसल्यापासून मी इतिहासही त्याच अंगानं वाचायला लागलो. उमाजी नाईक घ्या. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचे, इंग्रजांशी वर्षानुवर्षं झुंजले, ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेले. कडे, कपारी, घोडी यांत ते कुणाला सापडले नाहीत. सापडले ते बक्षिसाची दवंडी पिटल्यावर, आपल्याच माणसांच्या हातून. म्हणजे ज्या हातांनी भाकरी यायची त्यांच्याकडूनच. आणखी एक गोष्ट मला डाचते. उमाजींबद्दल आपल्याला जे तपशीलवार ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्या बंदोबस्तावर नेमलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशच्या रामोशांवरच्या पुस्तकातून आलेलं आहे, १८३३च्या. शिकाऱ्यानं लिहिलेली वाघाची हकीकत. तीही एका परीनं पडद्यामागूनच बघितलेली, डावं-उजवं उलट करून वाचायची.

रंगो बापूजींवर मात्र असा सिनेमा निघणं अवघड आहे. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली गादीवरून उतरवलं, त्यांची बाजू मांडायला हा साताऱ्याचा वकील लंडनला गेला, चौदा वर्षं तिथं भांडला, हात हलवत परत आला. १८५७ साली त्यांचा कट फुटला. ८ सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडा माळावर सतरा जणांना मारलं, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः नाहीसे झाले. सापडलेच नाहीत. चौकातली गाठ नाही, शेवटचा वार नाही. अजिंक्यताऱ्याच्या अंगाला 'चार भिंती' या हुतात्म्यांच्या स्मारकापाशी संध्याकाळी फिरायला जाणारी माणसं असतात, भेळ असते, पोरं सेल्फी काढतात. मी तिथं गेलो की मला एकच वाटतं, सत्तरीच्या आसपासचा म्हातारा, डोक्यावर बक्षीस, तो कुठल्यातरी गावात कुणाच्यातरी ओसरीला टेकला असणार आणि आतून कुणीतरी ताट आणलं असणार. आणि ते घर शेवटपर्यंत काही बोललं नाही.

आमच्या भागात हे न बोलणं फार मुरलेलं आहे. त्याची शाळा भरली ती पत्री सरकारच्या काळात. १९४३ ते ४६, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. कुंडल, वाळवा, कऱ्हाड या टापूत इंग्रजांच्या समोर दुसरं सरकार चाललं, त्याची न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती, हुंड्याशिवायची स्वस्तातली गांधी लग्नं होती. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांनी थेट धुळे जिल्ह्यात जाऊन चिमठाण्याजवळ सरकारी खजिना उचलला. शेणोलीच्या मोहिमेतले कॅप्टन भाऊ म्हातारपणी 'लुटली' या शब्दावर हरकत घ्यायचे. लोकांचा पैसा इंग्रजांनी नेला होता, तो परत आणला, याला लूट कशी म्हणायची, असा त्यांचा मुद्दा. पुन्हा शब्दच.

यातली जी हकीकत मला सगळ्यांत सिनेमासारखी वाटते, तिच्यात ना घोडा आहे ना तलवार. नाना पाटलांची मुलगी हौसाबाई. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर तिच्याशी नवरा म्हणून एक कार्यकर्ता भांडायला लागला, मारायला लागला, दगड उचलला. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात मागून बाकीच्यांनी चौकीतली हत्यारं काढून नेली. खरं वाटावं म्हणून मार खऱ्यासारखाच होता. या प्रसंगाला शौर्यपट म्हणायचं तर शौर्य कुणाचं, हत्यारं नेणाऱ्यांचं की मार खाणाऱ्या बाईचं? आपल्या दिग्दर्शकांनी हा प्रसंग घेतला असता तर कॅमेरा कुठं ठेवला असता, हे मला डोळे मिटून सांगता येतं. चौकीच्या मागं.

अण्णा भाऊ साठ्यांनी कॅमेरा बरोबर जागी ठेवला होता. ते आमच्याच तालुक्यातले, वाटेगावचे. 'फकिरा' १९५९ची. तिच्यात बंड आहे, घोडा आहे, बापाचं कापलेलं शिर आहे, खजिन्याची लूट आहे. साहसकथेला लागतं ते सगळं. पण बंडाच्या मुळाशी आहे ती भूक आणि हजेरी. गुन्हेगार जमातींचा १८७१चा कायदा पुढं मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि काही जातींत जन्मलेल्या माणसाला गुन्हा न करताही पाटलाकडं हजेरी द्यावी लागली. तो शिक्का देशभरात पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. आणि फकिरा शेवटी पकडला जात नाही, आपण होऊन हजर होतो, कारण सरकारनं त्याची बायका-पोरं, माणसं धरून ठेवलेली असतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेवट मला पडका वाटला होता. चौकातली गाठ कुठं गेली? दुसऱ्यांदा वाचलं ते मामांच्या त्या फोडांचं ऐकल्यानंतर.

थोरल्या पोरानं एकदा लॅपटॉपवर मला कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' दाखवला. १९५४चा, जवळजवळ साडेतीन तासांचा, काळा-पांढरा. मी म्हटलं झोप लागणार. नाही लागली. सोळाव्या शतकातलं जपानी खेडं, सुगी आली की दरोडेखोर पीक न्यायला येणार. गावकरी लढवय्ये भाड्यानं आणतात आणि भाडं काय, तर पोटभर भात. गावकरी स्वतः भरड धान्य खातात आणि तांदूळ या लोकांना घालतात. ते कळल्यावर म्होरक्या भाताच्या वाडग्याकडं बघतो तो प्रसंग आला आणि मी पोराला म्हटलं, "थांबव जरा." त्याला वाटलं मला चहा पाहिजे. मला मामा पाहिजे होते. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणारा एक तरी सिनेमावाला निघाला होता, तोही कुठला, तर जपानचा.

बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर तर आमच्या डोळ्यांदेखतचे. कित्येक वर्षं फरारी, मग जन्मठेप, बाहेर आल्यावर गळ्यात तुळशीची माळ, प्रवचनं आणि हयातीतच त्यांच्यावर सिनेमा. २०१८ साली ते गेले. कुणी त्यांना देव मानायचं, कुणी त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणायचं, आणि ही दोन्ही माणसं कधी कधी एकाच घरात असायची. त्यांच्याबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही. आमच्याकडं अजून शेजारणी मोजतात.

आता पडद्याच्या पुढच्या बाजूला जायला हवं. पुरुषांच्या जागेच्या शेजारी कनातीचा एक पडदा लावून बायकांची बसायची सोय असायची. आज्जी तिथं बसायची. ती सिनेमाची भोक्ती. पहिल्या रिळापासून हजर, गाण्याला मान डोलवणार, खलनायकाला "मुडदा बशिवला त्येचा" म्हणून शिव्या घालणार. पण शेवटची तलवारबाजी सुरू झाली की उठायची, कनात उचलून बाहेर यायची आणि फुटाणेवाल्याच्या गाडीशेजारी दगडावर बसून राहायची. दर जत्रेला, दर सिनेमाला. मला वाटायचं तिला रक्त बघवत नाही. पण देवाला बोकड पडायचा तेव्हा मुंडीची वाटणी तीच करायची. मग वाटायचं तिला कमरेचा त्रास आहे.

आईनं सांगितलं ते आज्जी गेल्यावर. मामांनी ज्यांना मारलं त्यांची बायको, आम्ही तिला खालच्या आळीची काकी म्हणायचो, तीही सिनेमाला यायची. त्याच कनातीत बसायची. खेळ रंगात आला, नायकानं वार केला की पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. "सूड घेतला रं!" आणि इकडं दहा हातांवर ती बसलेली. त्या वेळी तिकडं बघायचं की नाही, पडद्याकडं बघायचं तर तोंड कसं ठेवायचं, म्हणून आज्जी उठून जायची.

नवरा मारला गेला तेव्हा काकीला दोन पोरं होती. एक चार वर्षांचं, एक पाळण्यात. गावानं हिशेब मांडून ठेवला होता, पोरं हाताशी आली की उट्टं काढणार. सिनेमाचा दुसरा भाग. गाव त्याची वीस-पंचवीस वर्षं वाट बघत राहिलं, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो. काकीनं थोरल्याला साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात टाकलं, धाकट्याला भावाकडं पाठवलं. थोरला एसटीत कंडक्टर झाला, धाकट्यानं पुढं मळा बघितला. मामा परत आल्यावर एकदा थोरल्याच्या गाडीत चढले. त्यानं तिकीट फाडून दिलं, सुटे पैसे परत दिले आणि पुढच्या माणसाकडं वळला. पारावर बसणाऱ्यांची फार निराशा झाली. "पोरं थंड निघाली," असं कितीतरी दिवस चाललं होतं. ज्यांनी कधी कोंबडीही कापली नाही असे लोक हे बोलायचे.

एकोणऐंशीच्या जत्रेतली गोष्ट. मी अकरा वर्षांचा, पडद्यामागं, चार आण्यांत. तंबूवाल्यांकडं एकच मशीन असायचं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं, मग अंधार, शिट्ट्या, पुढचं रीळ चढायचं. त्या वर्षी दोन गावच्या जत्रा एकाच दिवशी आल्या होत्या आणि सिनेमाची प्रिंट एकच. तिकडं एक-एक रीळ संपेल तसं एक माणूस फटफटीवरून इकडं आणून द्यायचा. त्या संध्याकाळी वरच्या अंगाला वळीव झाला. आमच्याकडं चार थेंब, पण ओढ्याला लाल पाणी आलं. आतून आरोळ्या चालल्या होत्या. सरदार वाड्यावर पोचला. डाव्या हातात तलवार. दिंडी दरवाजाला लाथ. आत तो दगलबाज देवघरासमोर पाठमोरा उभा. तो वळला. आणि अंधार झाला.

अंधार बराच वेळ राहिला. मग मालक कंदील घेऊन पडद्यापुढं आला आणि हात जोडून म्हणाला की फटफटी ओढ्यापलीकडं अडकली, शेवटचं रीळ काही येत नाही, मंडळींनी समजून घ्यावं. मंडळींनी समजून घेतलं नाही. "पैसे परत!" म्हणून कल्ला झाला, कनातीचा एक बांबू उखडला, वस्ताद खुर्चीवर उभे राहून सगळ्यांना गप करायला लागले. आम्ही पोरांनी शेवट आपापसात करून टाकला आणि त्या दगलबाजाला मागच्या मोकळ्या जागेत चार वेळा मारला.

मी आज्जीला शोधत फुटाणेवाल्याकडं आलो. ती दगडावर बसलेली, पायाशी कंदील. बायका कनातीतून बाहेर पडत होत्या, साड्या चिखलातून उचलून धरत.

"संपला व्हय रं?" आज्जी म्हणाली.

"न्हाय. शेवटचं रीळच आलं न्हाय. मारायच्या आत अंधार झाला."

काकी तेव्हा आमच्या मागूनच चालली होती. ती थांबली. आमच्याकडं न बघता, ओढ्याकडं बघत, जशी काही स्वतःशीच म्हणाली, "मंग त्यो अजून जिताच हाय म्हना की."

सव्वीस वर्षांत या दोघी एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. हे त्या वेळी मला ठाऊक नव्हतं, मी फुटाण्यांकडं बघत होतो.

आज्जी उठली. कंबर धरून, नेहमीसारखी. "व्हय बाई," ती म्हणाली. "जिताच हाय."

ओढ्यापर्यंत वाट एकच होती. काकीजवळ कंदील नव्हता. मी पुढं, माझ्यामागं आज्जी, तिच्यामागं काकी. चिखल होता. आज्जीनं कंदील हातातून हातात बदलला आणि थोडा मागं धरला, म्हणून मला पुढचं दिसेना आणि मी दोनदा घसरलो.